भिंती कोणासाठीं राखावयाच्या?

गेल्या महिन्यांत सदाशिव पेठेंतील एका आप्तांकडे जाण्याचा योग आला. वाडा सव्वाशें वर्षांचा. सागवानी खांब अजून ताठ, परंतु मागील पडवी खचलेली. थोरले बंधु म्हणाले, "वाडा पाडून इमारत उठवावी. प्रत्येकास स्वतंत्र बिऱ्हाड मिळेल." धाकट्यांचें म्हणणें, "वाडा आहे तसाच जपावा. त्यांत उपाहारगृह काढलें, तर बाहेरगांवचे लोक आवर्जून येतील." वाद पुष्कळ वेळ चालला. खालच्या सोप्यांत चाळीस वर्षें भाड्यानें राहणाऱ्या काकू दाराआड उभ्या राहून तो ऐकत होत्या. त्यांचें काय होणार, हें मात्र कोणीच विचारलें नाहीं.

हा प्रश्न ज्या एका शहरानें आपल्या योजनेच्या मुळाशींच ठेवला, त्याची हकीकत म्हणूनच आज सांगावीशी वाटते. उत्तर इटलींतील बोलोन्या हें तें शहर. तेथील विद्यापीठाची परंपरा १०८८ सालापासूनची मानितात. रस्त्यांच्या कडेनें घरांना लागून कमानदार ओसऱ्या आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारें ६२ किलोमीटर भरते. त्यांपैकीं निवडक ओसऱ्यांस २०२१ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर या जुन्या गांवठाणाची दशा आपल्या पेठांहून फारशी निराळी नव्हती. घरें जीर्ण झालीं, अनेक कुटुंबें नव्या वस्त्यांकडे गेलीं, आणि मागें राहिले ते बहुधा कमी मिळकतीचे व वृद्ध लोक.

१९६९ च्या आराखड्यानें या भागास संरक्षण मिळालें. स्थापत्यविशारद पिएर लुइजी चेर्वेल्लाती व त्यांचे सहकारी यांनीं जुन्या घरांचा बारकाईनें अभ्यास करून त्यांचे प्रकार पाडले. एका प्रकारचें घर दर्शनीं अरुंद, आंत लांबवर गेलेलें व मागें परसूं असलेलें. अशा घरांत किती बिऱ्हाडें सुखानें राहूं शकतील, जिना व न्हाणीघर कोठें बसवावें, हें त्या त्या प्रकारास अनुसरून ठरविण्यांत आलें. मोठे मठ व वास्तु सार्वजनिक उपयोगासाठीं योजिल्या.

परंतु योजनेचें खरें मर्म नकाशांत नसून पैशाच्या वाटेंत होतें. सामान्य लोकांच्या घरबांधणीसाठीं सरकारकडून मिळणारा निधि गांवाबाहेर नव्या इमारती उठविण्यांतच न घालतां जुन्या घरांच्या दुरुस्तीस लावावा, असें १९७३ सालीं ठरलें. खाजगी घरें सक्तीनें ताब्यांत घेण्याचा प्रथम विचार होता. त्यास मालकांचा विरोध झाला, तेव्हां कराराचा मार्ग निघाला. दुरुस्तीस पालिकेनें साहाय्य करावें. उलटपक्षीं मालकानें भाडें ठरल्या मर्यादेंत ठेवावें व राहत्या कुळांस घालवूं नये. काम चालू असतां त्यांची तात्पुरती सोय करावी, हाहि योजनेचाच भाग होता. पुढें १९७५ सालीं आमस्टरडॅम येथील जाहीरनाम्यांत हेंच तत्त्व आलें: जुन्या वस्तीचा उद्धार करितांना तेथील रहिवाशांचें स्वरूप शक्यतों पालटूं नये.

सर्वच कांहीं साधलें, असें नाहीं. काम थोड्याच भागांत होऊं शकलें. आणि आज प्रवाशांना अल्पकाळ घरें भाड्यानें देण्याच्या रिवाजामुळें तेथेंहि विद्यार्थ्यांस परवडणारी खोली मिळणें कठीण झालें आहे. म्हणजे घर एकदां दुरुस्त करून भागत नाहीं. त्यांत कोण राहणार, याची काळजी पुढेंहि वाहावी लागते.

आमच्या आप्तांपाशीं सरकारी निधि नाहीं, हें खरें. तरी विचाराचा क्रम त्यांना घेतां येईल. पाडावें कीं जपावें, हें ठरविण्यापूर्वीं वाड्याचा नकाशा काढावा. खांब, तुळया व पाया जाणत्याकडून तपासावे. स्वतंत्र न्हाणीघरांसह किती बिऱ्हाडें त्यांत बसतील, तें पाहावें. आणि त्या संख्येंत काकूंचें एक बिऱ्हाड धरावें. एवढें करूनहि वाडा पाडणेंच भाग पडलें, तर नव्या इमारतींतील त्यांची जागा आधीं कागदावर उतरवावी.

आप्तांचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. परंतु पुढच्या बैठकीस काकूंना बोलावण्याचें ठरलें, हें कांहीं थोडें झालें नाहीं.