खरी इभ्रत कोणती ?

हल्ली आपल्या चाकण-चिंचवडकडे वरातीत तलवार मिरविण्याची मोठी हौस आहे. खर्च निघतो कारखान्यांना गेलेल्या जमिनीच्या पैशांतून, नाहीतर कर्जातून. टोकावे तर उत्तर तयार : “मास्तर, आम्ही लढवय्यांची लेकरे. इभ्रतीचा प्रश्न आहे !” तर बांधवांनो, लढवय्यांची इभ्रत म्हणजे काय, ते एकदा पाहू.

युरोपातील सरदार आपसांत मोठे दिलदार. १३५६ साली फ्रान्सचा राजा जॉन लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला, तेव्हा शत्रूने त्याला पाहुण्यासारखे वागविले. पण दोनच वर्षांनी गांजलेले फ्रेंच शेतकरी उठले, त्यांची सरदारांनी सरसकट कत्तल केली. राजाच्या सुटकेच्या खंडणीसाठी करही रयतेनेच भरले.

जपानचा सामुराई अब्रूसाठी स्वतःचे पोट चिरी, याची जग वाहवा करते. पण त्याच देशात १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांची हत्यारे काढून घेतली. आणि पुढे उद्धटपणा केला म्हणून गरिबाला जागीच कापण्याची मुभा सामुराईस मिळाली. म्हणजे दोन्हीकडे मान बरोबरीच्यांना आणि तलवार रयतेला. हे सोवळेच नव्हे तर काय ? अखेर १८७३ च्या कायद्याने जपानात सर्व वर्गांतून लष्करभरती झाली, आणि १८७७ साली त्या फौजेने सात्सुमाच्या सामुराईंचे बंड मोडले !

आता आपल्या चाकणचा भुईकोट पाहा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर मावळ्यांनिशी शाएस्तेखानाची अफाट फौज सुमारे दोन महिने थोपविली. सुरुंगाने बुरूज उडाला, तरी ते हटले नाहीत. उपाय सरला तेव्हा फिरंगोजीने किल्ला दिला आणि उरलेली माणसे जिवंत बाहेर काढली. त्याने पोट चिरून घेतले नाही, आणि खानाची चाकरीही नाकारली. तो महाराजांकडे परतला. महाराजांनी त्याला दोष न देता त्याचा गौरवच केला. लढणारे मावळे कोण ? नांगर धरणारे कुणबी आणि त्यांचे गावभाऊ. म्हणूनच जोतीरावांनी शिवरायांना कुळवाडीभूषण म्हटले.

इभ्रत ती ही : सोबतच्या माणसांचे प्राण राखणे आणि पैशासाठी इमान न विकणे. भाड्याच्या तलवारीपायी मुलीचे शिक्षण तोडणारा बाप फिरंगोजीचा वारस कसा ? पुढच्या लग्नात वरातीचा खर्च वाचवा, तो पोरीच्या फीला लावा. भावकी चार दिवस हसेल, हसू द्या.

— एक शाळामास्तर