कीचक म्हणजे कर्झन. मग कंकभट म्हणजे कोण?

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचा विषय निघाला की एक समीकरण ठरलेले असते : कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी. उत्तर सुटले, गुण मिळाले, पुढचा प्रश्न. या घाईत नाटकाचा गाभा मागे राहतो.

प्रथम तारखा पाहाव्यात. कर्झनने राजीनामा दिला ऑगस्ट १९०५ मध्ये आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने हिंदुस्थान सोडला. ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले १९०७ मध्ये. जो व्हाइसरॉय केव्हाच बोटीत बसून विलायतेला पोहोचला, त्याला रंगमंचावर मारून काय साधायचे होते? केवळ सूडाचे समाधान? खाडिलकर ‘केसरी’च्या संपादनात टिळकांच्या हाताखाली मुरलेले गृहस्थ होते. शिळ्या बातमीवर पाच अंक खर्ची घालणे हा त्यांचा धर्म नव्हे.

१९०७ मध्ये शिळा नसलेला प्रश्न वेगळाच होता. डिसेंबर १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला, आणि ते कोणत्या मार्गाने मिळवायचे यावरून वर्षभरात, सुरतेच्या अधिवेशनात, काँग्रेस दुभंगली. ‘कीचकवध’ या दोन अधिवेशनांच्या मधले नाटक आहे. त्यातला खरा संघर्ष कीचक आणि भीम यांच्यात नाही. तो कंकभट आणि बल्लव यांच्यात आहे : एकाच घरातल्या, एकच अपमान गिळलेल्या दोन भावांमध्ये.

विराटपर्वातला मूळ प्रसंग आठवावा. कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो. आचाऱ्याच्या वेषातल्या भीमाची नजर जवळच्या झाडाकडे वळते. ते उपटून कीचकाचे काय करायचे हे त्याच्या मनात ठरलेले असते. कंक झालेला युधिष्ठिर ते ओळखतो आणि बल्लवाला सुचवतो की सरपण हवे असेल तर बाहेरची झाडे पुष्कळ आहेत. युधिष्ठिर भेकड आहे म्हणून तो हे बोलत नाही. अज्ञातवासात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, ही अट त्याच्या डोक्यावर टांगलेली आहे. त्याचा संयम हिशेबी आहे, आणि तो हिशेब चुकीचाही नाही.

म्हणूनच खाडिलकरांची निवड अचूक ठरते. मवाळांना विदूषक करायचे असते तर पुराणांत मूर्ख थोडे नव्हते. त्यांनी मवाळांसाठी धर्मराज निवडला : ज्याला प्रेक्षक वंदन करतात आणि तरीही त्या एका क्षणी ज्याची चीड येते असा माणूस. खाडिलकरांचा स्वतःचा कौल भीमाच्या बाजूने होता यात संशय नाही. परंतु प्रतिपक्षाला एवढी उंची देऊन त्याचा पराभव करणारे प्रचारनाट्य विरळाच.

येथे खाडिलकरांच्या चरित्रातला एक तपशील उपयोगी पडतो. शतकाच्या आरंभी ते नेपाळात गेले होते. वरकरणी कौलांचा कारखाना, आत शस्त्रनिर्मितीचा बेत. परक्या राजाच्या राज्यात, दुसऱ्याच व्यवसायाच्या आवरणाखाली काढलेला तो काळ पाहिला म्हणजे विराटनगरीत लपलेले पांडव त्यांना केवळ पोथीतून भेटले होते असे म्हणवत नाही.

आता त्या प्रसिद्ध समीकरणाकडे. ते सर्वदूर पसरवण्यात मोठा वाटा लंडनच्या ‘टाइम्स’चा प्रतिनिधी व्हॅलेंटाइन चिरोल याचा. १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये त्याने या नाटकाची फोड केली ती फिर्यादीच्या थाटात. ज्या पुस्तकातील मजकुरावरून टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले, ते हेच पुस्तक. पण चिरोलने चार समीकरणे दिली होती : कीचक कर्झन, द्रौपदी हिंदुस्थान, युधिष्ठिर मवाळ, भीम जहाल. आजच्या पाठांतरात त्यांतली पहिली दोनच उरली आहेत. साम्राज्याचा वकील नाटक आमच्यापेक्षा अधिक नीट वाचत होता, ही गोष्ट बोचायला हवी.

रूपक म्हणजे भित्र्याने पांघरलेली घोंगडी, हा दुसरा लाडका समज. येथे लपले काय होते? प्रेक्षकांना कळत होते, सरकारला कळत होते. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या रात्री प्रयोग होता ‘शारदा’चा, जरठ-कुमारी विवाहावरच्या सामाजिक नाटकाचा. १९१० च्या आरंभी बंदी आली ती मात्र पौराणिक ‘कीचकवधा’वर. शस्त्र होते १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचे, कलकत्त्याच्या बंगाली रंगभूमीला वेसण घालण्यासाठी घडवलेले. पुढे १९२० मध्ये बाबूराव पेंटरांनी याच कथेवर ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, तेव्हा कीचकाच्या वधाचे दृश्यही कात्रीत सापडले. रूपकाने कुणाचे संरक्षण केले नाही. त्याने दिली ती वादाला जागा : दोन राजकीय मार्ग एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे करण्याची.

ऑर्वेलचे ‘अ‍ॅनिमल फार्म’ (१९४५) शेजारी ठेवले की फरक कळतो. तेथे क्रांती होऊन गेली आहे, सत्ता कुजली आहे, आणि रूपक मागे वळून हिशेब मागते. ‘कीचकवध’ क्रांतीच्या अलीकडच्या काठावर उभे आहे. भीमाने आचाऱ्याचा वेष टाकावा की नाही, हे अजून ठरायचे आहे. झालेल्या क्रांतीचे रूपक आणि न झालेल्या क्रांतीचे रूपक एकाच किल्लीने उघडत नाही.

तरीही ‘कीचकवधा’ला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती मुंबईनेच उघडी पाडली. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरणगाव थांबले. शिक्षेच्या वर्षागणिक एक, असे सहा दिवस गिरणी कामगार संपावर होते. त्या संपाची दखल लेनिननेही घेतली. हे कामगार खाडिलकरांच्या विराटनगरीत कुठे आहेत? त्या नगरीत राजा आहे, सेनापती आहे, वेषांतर केलेले राजपुत्र आहेत. मुदपाकखान्यातला बल्लवसुद्धा मुळात राजपुत्रच. ज्याचा आचाऱ्याचा वेष हा वेष नसून जन्मभराचा पेशा आहे, तो माणूस या रूपकात मावत नाही.

तो रंगमंचावर आला १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लालबावटा कलापथकातून. अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी तमाशाचा वग घेतला, गणातली देवस्तुती आणि गवळणीतला कृष्ण बाजूला सारला, आणि सावकार, जमीनदार, मालक यांना त्यांच्या पेशाच्याच नावाने उभे केले. लालबाग-परळच्या प्रेक्षकाला कीचकाच्या आडून मालक दाखवण्याची गरज नव्हती; तो त्याने गिरणीत रोज पाहिलेला होता.

खाडिलकरांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ काढला. आज गिरगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तेथून लालबाग फार दूर नाही. या दोन रंगभूमी मात्र आपण नेहमी वेगवेगळ्या वह्यांत लिहितो, एक ‘राष्ट्रीय’ म्हणून, दुसरी ‘कामगार’ म्हणून. सरकारने असा भेद केला नाही. परकीय सरकारने आडून बोलणारे नाटक बंद केले; स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तिचा फटका उघड बोलणाऱ्या वगांनाही बसला. तेव्हा अण्णाभाऊंच्या तमाशाने नाव बदलले आणि तो ‘लोकनाट्य’ म्हणून पुन्हा फडावर उभा राहिला. पांडवांनीही विराटाच्या दरबारात शिरताना हेच केले होते.