नागपूरचे पाणी कुठे जाते?

सुट्ट्या लागल्या की आपल्या घरांत अजमेर, हैदराबाद, दिल्लीच्या सफरीचे बेत ठरतात. जरूर जावे. पण आपल्या उंबरठ्यापासून दोन तासांवर असलेली वैनगंगा आपल्यापैकी किती जणांनी डोळे भरून पाहिली आहे? यंदा आम्ही घरच्या मंडळींसह दोन दिवस तिच्या काठाने फिरलो.

वैनगंगा मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असा प्रवास करून ती वर्धा नदीला मिळते. तिथून पुढे दोघींचे नाव प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते.

आधी गेलो कुही तालुक्यातील अंभोऱ्याला. इथे पाच नद्यांचा संगम आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे जुने मंदिर आहे. मराठीचा आद्यग्रंथ मानला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ इथेच रचला गेला, असे विदर्भातले लोक अभिमानाने सांगतात. अंबाजोगाईचे लोकही तोच मान आपल्या गावाला देतात. मराठी शिकवणाऱ्या माणसाला या प्रेमळ भांडणाचा आनंदच वाटतो.

दुसऱ्या दिवशी उमरेड, भिवापूरमार्गे पवनीला गेलो. वाटेत भिवापुरी मिरची घ्यायला विसरू नका! पवनीला एका बाजूस नदी आणि बाकीच्या बाजूंनी जुना मातीचा तट व खंदक. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने मिळून उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या या कामातून दोन हजार वर्षांहून जुना विटांचा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आढळली. आम्ही मुलांना विचारले, “दोन हजार वर्षांनी आपण काठावर मागे काय ठेवलेले असेल?”

या प्रश्नाचे उत्तर जवळच होते. पवनीपासून थोड्याच अंतरावर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्याच्या पाण्याने शेते भिजतात, तशी अनेक गावे बुडालीही. नव्या जागी वसवलेल्या एका गावात आम्ही चहाला थांबलो. ढीवर समाजाच्या एका मावशींनी आम्ही कुठून आलो ते विचारले. नागपूरहून, असे म्हणताच त्या हसून म्हणाल्या, “तुमचं पाणी तर आमच्याकडे रोजच येते, गुरुजी. तुम्ही आज आले.”

त्या बोलण्यात राग नव्हता, पण ते खरे होते. आपल्या मोहल्ल्यातल्या नाल्या नाग आणि पिवळी नदीत जातात. पिवळी नागेला मिळते, नाग कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला. भांडेवाडीत शुद्ध केलेले बरेचसे पाणी वीजकेंद्राला दिले जाते. मात्र शहराचे सगळेच सांडपाणी शुद्ध होत नाही. उरलेले शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. तेच पाणी काठावरच्यांच्या जाळ्यात, शेतात आणि गुरांच्या तोंडी असते.

वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी उधळू नये आणि पाण्याच्या जागी घाण करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नाली झाकलेली असली म्हणून ती नदीपासून तुटत नाही. सांडपाण्याचे मोठे काम महापालिकेचे आहे आणि ते आपण नगरसेवकाकडे मागितलेच पाहिजे. पण तळणाचे उरलेले तेल मोरीत न ओतणे, कुर्बानीच्या दिवसांत अवशेष नालीत न टाकता पालिकेच्या गाडीत देणे, प्लास्टिक नाल्यात न फेकणे, हे तर आपल्या हातात आहे.

येत्या सुट्टीत मुलांना पवनीला न्या. स्तूप दाखवा, घाट दाखवा, भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा सोबत ठेवा. आपल्या घरच्या मोरीपासून वैनगंगेपर्यंतची रेघ त्यांनाच पेन्सिलीने काढू द्या.