काकांना आधी विद्यार्थी भेटले, मग वाचक

बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांना नात्याने हाक मारायची रीत होती. कुणी मामा, कुणी अण्णा. साताऱ्यात १८८५ साली जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तिथे ‘काका’ झाले आणि जन्मभर काकाच राहिले.

राष्ट्रीय विचारांची ती शाळा इंग्रज सरकारला खुपत होती. दडपण वाढले, शाळा बंद पडली. १९१२ साली काका हिमालयाकडे निघाले. सोबत स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. वाट पायीच तुडवायची होती.

आज प्रवासी घरी पोहोचायच्या आत प्रवास सांगून मोकळा होतो. काकांनी तो काही वर्षे मनात मुरू दिला. मधल्या काळात ते शांतिनिकेतनात शिकवत होते. तिथेच १९१५ साली गांधीजींची भेट झाली आणि पुढे साबरमती आश्रमाच्या शाळेत ते शिक्षक झाले. हिमालय कागदावर उतरला तो या आश्रमाच्या हस्तलिखितासाठी. ‘हिमालयनो प्रवास’ हे गुजराती पुस्तक १९२४ साली आले.

घरात मराठी बोलणारा हा माणूस गुजरातीत का लिहू लागला, याचे उत्तर आश्रमशाळेच्या त्या वर्गात आहे. समोरची मुले गुजराती होती. शिकवायचे तर त्यांच्या भाषेत, आणि लिहायचे तेही त्यांच्याच भाषेत. गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही गुजराती पुस्तकासाठी.

काकांच्या गद्यात शिक्षक सतत जागा असतो. साबरमतीच्या तुरुंगात हिंडण्याफिरण्याची वाट बंद झाली, तेव्हा त्यांनी भिंतीआडच्या मुंग्या, खारी, पक्षी आणि झाडे न्याहाळली. त्यातून ‘ओतराती दिवालो’ हे छोटे पुस्तक झाले. नद्यांवर लिहितानाही ते वाचकाचे बोट धरून त्याला काठावर नेतात. पाहिलेले दुसऱ्याला नीट दाखवायचे, ही वर्गातली सवय त्यांच्या लेखणीत उतरली होती. त्यांना लेखक केले ते प्रवासाने आणि या सवयीने मिळून. एकट्या प्रवासाने ते झाले नसते.

महाराष्ट्राने हा आपला लेखक पुरेसा वाचलेला नाही, ही खंत आहेच. ‘हिमालयातील प्रवास’ आणि ‘स्मरणयात्रा’ मराठीतही आहेत. शाळांच्या ग्रंथालयांनी ती पुन्हा समोरच्या फळीवर आणावीत.

मेळघाटात, सातपुड्यात, कोकणच्या वाड्यांवर शिकवणाऱ्या शिक्षकांनीही आपण पाहिलेला मुलूख लिहावा. प्रकाशक शोधायची घाई नको. यंदाच्या शाळेच्या हस्तलिखितात मुलांच्या निबंधांसोबत गुरुजींचे आणि बाईंचे एक पान असू द्यावे.