‘किंग लिअर’ नाटकाचा पहिला प्रवेश

नाटकाच्या परीक्षेंत ‘अमुक पात्राचें स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न हटकून येतो, आणि त्याचीं उत्तरेंहि बहुधा ठरलेलीं असतात. ‘किंग लिअर’विषयीं तर तीं कित्येकांस मुखोद्गतच असतात : लिअर भोळा, थोरल्या दोघी मुली दुष्ट, धाकटी कॉर्डेलिया सद्गुणांची पुतळी. शेक्सपीअरनें १६०५-०६ च्या सुमारास लिहिलेल्या या शोकांतिकेचा पहिला प्रवेश लक्षपूर्वक वाचल्यास हीं उत्तरें अपुरीं ठरतात, असें आमचें मत आहे. या प्रवेशांत कवि कोणाचाहि स्वभाव वर्णन करून सांगत नाहीं. तो प्रत्येकास बोलण्याचा प्रसंग देतो, आणि जो तो आपल्याच शब्दांनीं आपली ओळख पटवितो.

प्रवेशाचा आरंभ राजाच्या आगमनानें होत नाहीं. केंट व ग्लॉस्टर हे दोन सरदार बोलत उभे आहेत. राज्याची वांटणी होणार असून थोरल्या दोन जांवयांचे वांटे अगदीं तोलून समान केले आहेत, असें त्यांच्या बोलण्यावरून कळतें. इतक्यांत ग्लॉस्टर आपला अनौरस पुत्र एडमंड याची ओळख करून देतो, आणि त्याच्या जन्माविषयीं त्याच्या समक्षच थट्टा करतो. एडमंड बोलतो तीं अवघीं तीन लहान, नम्र वाक्यें. ग्लॉस्टर निर्दय नाहीं. आपले दोन्ही पुत्र आपणांस सारखेच प्रिय आहेत, असेंहि तो सांगतो. परंतु शेजारीं उभ्या असलेल्या मुलाच्या अंतःकरणांत काय होत असेल, हा विचार त्यास शिवत नाहीं. हाच मुलगा पुढें बापाच्या घराची राखरांगोळी करतो. त्याच्या अपराधास क्षमा नाहीं. तरी ठिणगी कोठें पडली, हें या थट्टेवरून ओळखतां येतें.

यानंतर राजा येतो, नकाशा उलगडतो, आणि कोणाचें आपणांवर अधिक प्रेम आहे तें मुलींनीं सांगावें, अशी आज्ञा करतो. येथें एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून निसटते. गॉनरिलचें भाषण संपतांच तिचा वांटा तिला मिळतो; रीगननें अद्याप तोंडहि उघडलेलें नसतें. रीगनलाहि तसाच वांटा मिळतो, आणि सर्वांत संपन्न भाग कॉर्डेलियासाठीं राखून ठेवलेला असतो. म्हणजे परीक्षेपूर्वींच निकाल लागलेला आहे! राजाला कांहीं जाणून घ्यावयाचें नव्हतें. आपली स्तुति भरदरबारांत ऐकावयाची होती. ऐंशी वर्षें ओलांडलेल्या या पुरुषास केवळ भोळा म्हणणें बरोबर नव्हे. सत्तेच्या संवयीनें त्याचा कान बिघडला आहे.

कॉर्डेलियाचें प्रेम खरें आहे, हें तिच्या स्वगत उद्गारांवरून आपणांस आधींच कळलेलें असतें. परंतु तिची पाळी येतांच, सांगण्यासारखें आपणांजवळ कांहीं नाहीं, असें ती म्हणते. आणि मग कन्येचें कर्तव्य जितकें तितकेंच आपलें प्रेम, असा चोख हिशेब मांडते. तिचें म्हणणें सत्य आहे. पण त्या सत्यांत बापाचाच ताठरपणा उतरला आहे. एक मृदु शब्द अधिक उच्चारल्यानें ती असत्यवादी खचित ठरली नसती. अर्थात् तिला निराधार करणाऱ्या बापाचा दोष यामुळें तिळभरहि कमी होत नाहीं.

इतर पात्रेंहि याच कसोटीला लागतात. राजाची चूक तोंडावर सांगणारा केंट हद्दपार होतो. हुंडा गेला असें कळतांच बर्गंडीचा ड्यूक माघार घेतो, तर फ्रान्सचा राजा त्याच निर्धन मुलीचा आदरानें स्वीकार करतो. सर्व निघून गेल्यावर दोघी बहिणी साध्या गद्यांत बोलूं लागतात, आणि आश्चर्य असें कीं त्यांचें निदान अचूक असतें : बापाचें धाकटीवरच सर्वांत अधिक प्रेम होतें, आणि त्यानें स्वतःस कधींच नीट ओळखलें नाहीं. दुष्टपणा म्हणजे अज्ञान नव्हे. त्या दोघींस सर्व समजतें. फक्त दया येत नाहीं.

या नाटकाशीं वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) नाटकाचें नातें मराठी वाचकांस परिचित आहेच. गणपतराव बेलवलकरहि आपलें सर्वस्व मुलांस देऊन टाकतात, आणि पुढें निराश्रित होतात. म्हणून हा विषय केवळ परीक्षेपुरता समजूं नये. पालकांनीं मुलांकडून प्रेमाचें पाठांतर चारचौघांत म्हणवून घेऊं नये, व त्यांच्या देखत त्यांची थट्टा करतांना ग्लॉस्टरचें स्मरण ठेवावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमचें प्रेम खरें असेल तर ताठ्यानें तें मनांत कोंडून ठेवूं नका. मुखस्तुति व मौन यांच्यामध्यें साध्या, प्रेमळ बोलण्याला पुष्कळ जागा आहे. ती जागा लिअरच्या दरबारांत कोणासहि सांपडली नाहीं. आपल्या घरांत ती सांपडणें कठीण नाहीं.