विनोदकाराचे चरित्र निवडताना

रायपूरला मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी घराणी छत्तीसगडात रुजली. 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रेही मराठीभाषकच. या घरांतील आजची मुले बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी अक्षरे त्यांच्या सरावाची असतात, परंतु ‘अंतू बर्वा’च्या रत्नागिरी बोलीतला तिरकसपणा त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. विनोद बोलीला चिकटलेला असतो; आयुष्याची हकीकत मात्र साध्या मराठीतही कळते. म्हणूनच अशा शहरातील वाचकगटाने विनोदी लेखकाच्या पुस्तकाआधी त्याचे चरित्र घ्यावे, हे रास्तच आहे.

घ्यावे ते कोणते? आचार्य अत्र्यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ रसाळ खरे, पण अनेक खंडांचे. महिन्यातून एकदा जमणाऱ्या गटाला ते झेपणारे नव्हे. शिवाय आत्मचरित्रात लेखक स्वतःचाच वकील असतो, आणि अत्रे तर फर्डे वकील. मग पु. ल. देशपांडे यांचे नाव निघते. 2019 मध्ये त्यांच्यावर दोन भागांत चित्रपट आल्याने तरुणांनाही ते परके नाहीत. आणि कोणीतरी हमखास सुचवते, ‘आहे मनोहर तरी’ घेऊ या.

सूचना उत्तम आहे. तिच्यामागची समजूत मात्र चुकीची. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक पु. लं.चे चरित्र नाही, ते सुनीताबाईंचे आत्मकथन आहे. पु. लं.साठी ते उघडणारा वाचक प्रसिद्ध पतीविषयीच्या तक्रारी तेवढ्या वेचतो. सुनीताबाईंचे माहेर, 1942 च्या लढ्यातील त्यांचा सहभाग, कवितेचे वेड ही पाने तो भराभर उलटतो. घरातले चव्हाट्यावर आणले, हा या पुस्तकावरचा आक्षेपही अशाच वाचनातून आला. विनोदकाराच्या पत्नीने कायम हसतमुख असावे, ही अपेक्षा मोठी मौजेची!

तरीही निवड याच पुस्तकाची व्हावी. लोकांना हसवणाऱ्या प्रयोगांमागे किती शिस्त आणि कष्ट लागतात, हे ते दाखवते. करारमदार, मानधनाचे हिशेब, मुद्रितांची तपासणी, प्रयोगांची व्यवस्था यांतले बरेचसे सुनीताबाईंनी सांभाळले. त्या काटेकोरपणामुळेच या दांपत्याच्या दानाला आकार आला. 1986 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राला त्यांचा आधार मिळाला. बँकेचे पासबुक नियमित भरून घेणाऱ्या वाचकाला हा भाग विशेष भावेल.

वाचन दोन बैठकांत करावे. पहिल्या बैठकीत पु. लं.चा विषय शक्यतो न काढता केवळ सुनीताबाईंविषयी बोलावे. दुसरीत ‘अंतू बर्वा’चे पु. लं.च्या आवाजातील ध्वनिमुद्रण ऐकावे. ते मध्ये मध्ये थांबवून कोकणी बोलीतील अडलेले शब्द गटातील आजी-आजोबांनी उलगडून सांगावेत.