रक्तातील गंगाजळी

लातूरच्या गंजगोलाईतील आडत असो वा नांदेडच्या वजिराबादेतील कापडाची पेढी, दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय गल्ला बंद होत नाही. रोकड किती, येणे किती, देणे किती, हे मालकाला तोंडपाठ असते. त्याच घरातील गृहिणीच्या रक्तात हिमोग्लोबिन किती, हा प्रश्न मात्र तिला चक्कर येईपर्यंत कोणी विचारीत नाही. थकवा, धाप, केस गळणे, जिना चढताना होणारी धडधड या साऱ्यांना ‘कामाचा शीण’ असे नाव मिळते आणि विषय तेथेच संपतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमहून कमी असेल, तर त्यास रक्तक्षय म्हणतात. सुखवस्तू घरेही त्यातून सुटलेली नाहीत.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हिमोग्लोबिन ही गल्ल्यातील रोकड आणि फेरिटिन ही गंगाजळी. शरीरातील लोहाचा साठा किती, हे फेरिटिनच्या तपासणीवरून कळते. खर्च वाढला की शरीर आधी ठेवी मोडते. रोकड सर्वांत शेवटी घटते. त्यामुळे हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही गंगाजळी रिती झालेली असू शकते. फेरिटिन दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमच्या खाली गेले, तर साठा संपला असे समजतात. ताप वा संसर्ग असताना हा आकडा फुगतो. म्हणून अहवाल डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा.

ही गळती होते कोठून? एक मिलिलिटर रक्तासोबत सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. एका पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेले, तर ४० मिलिग्रॅम लोह गेले. आणि अन्नातून शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषते, त्यातील बराच भाग रोजच्या झिजेतच खर्ची पडतो. सात दिवसांहून अधिक स्राव, गाठी पडणे, तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागणे ही अतिस्रावाची लक्षणे होत. अनेक घरांत त्या दिवसांत स्त्री बाजूला बसते, म्हणून तारीख सर्वांना ठाऊक असते. रक्त किती गेले, हे विचारण्याची सोय मात्र कोणालाच नसते.

हे मौन महागात पडते. वर्षानुवर्षे अंगावर काढल्यावर एक दिवस ‘पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल’ असा निर्णय होतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांपैकी एकीचे. त्या स्त्रियांना मजुरी बुडण्याची धास्ती होती. व्यापारी घरांत तशी धास्ती नाही. पण घाई आणि संकोच येथेही आहेत. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी करण्याचे आदेश राज्यांना दिले.

शस्त्रक्रियेपूर्वी बऱ्याच पायऱ्या असतात. हिमोग्राम, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि सोनोग्राफी यांतून कारण शोधता येते. थायरॉइड मंदावल्यानेही पाळी वाढते. स्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबीसारखे साधन, लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह यांनी अनेकींचे काम भागते. कधी शस्त्रक्रिया अटळही असते. परंतु बीजांडेही सोबत काढली गेली, तर रजोनिवृत्ती अकाली ओढवते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. सीए-१२५ हा आकडा ३५ च्या वर दिसला, की कर्करोगाच्या भीतीने घर हादरते. पण पाळीच्या दिवसांत, गाठींमुळे वा एंडोमेट्रिओसिसमध्येही तो वाढतो. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. तेथे स्त्रीरोग विभाग असतो.

आता चातुर्मास जवळ आला आहे. पर्युषणात अठ्ठाई करण्याची इच्छा अनेक भगिनींच्या मनात असेल. ती इच्छा वंदनीय आहे. मात्र पच्चक्खाण घेण्यापूर्वी महिनाभर आधी रक्त तपासून घेणे, हा तपाच्या तयारीचाच भाग मानावा. शास्त्रात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत आणि अनशन हा त्यांतील एक. ज्या भगिनीची गंगाजळी रिती आहे, तिला ऊणोदरी, स्वाध्याय, वैयावृत्त्य ही दारे खुलीच आहेत. आपली प्रकृती साध्वीजींना मोकळेपणाने सांगावी. कोणते तप झेपेल, हे ठरविणे मग सोपे जाते.

डाळी, तीळ, पालेभाज्या यांतील लोह शरीरास कमी लागते. लिंबू वा आवळा सोबत असला तर अधिक लागते आणि जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते अडवितो. चहा निदान तासाभराने घ्यावा. लोहाची गोळी दिवसा घेता येते. रात्रिभोजनत्यागास तिची बाधा नाही. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोवर डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नये.

यंदा दिवाळीला वह्या बदलताना घरातील प्रत्येक स्त्रीचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन एका पानावर लिहून ठेवावे आणि पुढल्या दिवाळीला ते ताडून पाहावे. हे काम घरच्या कर्त्या पुरुषाने केले, तर विचारण्याचा संकोच त्याच दिवशी निम्मा होईल.